सेक्ट, कल्ट की डिनॉमिनेशन? ‘पंथ’ इंग्रजीत लिहिताना

ठाण्याच्या टेंभी नाका परिसरात पारशांची अग्यारी, बेने इस्रायलींचं (कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंचं) 1879चं सिनेगॉग आणि मुनिसुव्रत स्वामींचं जैन मंदिर, तिन्ही पायी बघून होतात. या फेरीचं माहितीपत्रक इंग्रजीत करायला घेतलं की ‘पंथ’, ‘संप्रदाय’, ‘समाज’ सगळ्यांना सरसकट ‘सेक्ट’ चिकटवलं जातं.

आधी बघा, माणूस त्या गटात जन्माने आहे की मत पटलं म्हणून? बेने इस्रायली आणि पारशी म्हणजे ‘कम्युनिटी’. ‘पारसी सेक्ट’ लिहिलंत तर ते एखाद्या मोठ्या धर्मातून फुटलेले ठरतात.

‘सेक्ट’च्या मागे मोठा धर्म हवाच. श्वेतांबर आणि दिगंबर हे जैन धर्मातले सेक्ट. स्थानकवासी श्वेतांबरांच्या पोटात येतात, म्हणून ‘सब-सेक्ट’. तेराव्या शतकातल्या चक्रधरस्वामींचा महानुभाव पंथही इथे बसतो. वारकऱ्यांसाठी मात्र ‘ट्रॅडिशन’ बरा. ‘सेक्ट’ हा बाहेरून बघणाऱ्याचा शब्द, आणि ‘सेक्टेरियन’ झाला की त्याला थेट दंगलीचा वास येतो.

सर्वांत जास्त घोळ ‘कल्ट’चा. जुन्या अभ्यासग्रंथांत ‘कल्ट ऑफ विठोबा’ म्हणजे विठोबाची उपासना, त्यात निंदा नाही. वर्तमानपत्री इंग्रजीत तोच शब्द आरोप होतो: 1978चं जोन्सटाऊन, जिथे जिम जोन्सच्या शेकडो अनुयायांचा सामूहिक मृत्यू झाला, आणि 1995मध्ये टोकियोच्या मेट्रोत सारिन सोडणारी ओम शिनरिक्यो. हयात गुरू, अनुयायांच्या पैशावर आणि नात्यांवर त्याचा ताबा, बाहेर पडणाऱ्याला धाक, असं चित्र त्यामागे असतं. पुढे ‘ऑफ’ आणि दैवत असेल तर बहुधा उपासना. पुढे ‘लीडर’ आला की आरोपच. पुरावा हातात नसेल तर ‘न्यू रिलिजस मूव्हमेंट’ लिहा, नाहीतर नोटीस घरी येते.

‘डिनॉमिनेशन’ ख्रिस्ती संदर्भात सोपा: मेथडिस्ट, बाप्टिस्ट, प्रेस्बिटेरियन. इथे ठाणेकरांसाठी एक खास खड्डा आहे. मासुंदा तलावाजवळचं सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च कॅथलिक आहे. नावातला ‘बाप्टिस्ट’ हा बाप्तिस्मा देणारा योहान, पंथ नव्हे. जेझुइट किंवा फ्रान्सिस्कन यांना डिनॉमिनेशन म्हणू नका. ते व्रतस्थांचे संघ, म्हणून ‘ऑर्डर’.

ट्रस्टची किंवा कोर्टाची कागदपत्रं असतील तर हे सगळं बाजूला ठेवा. राज्यघटनेच्या कलम 26मध्ये ‘रिलिजस डिनॉमिनेशन’ आहे आणि त्यात हिंदू संप्रदायही येऊ शकतात. उडुपीच्या शिरूर मठाच्या खटल्यातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या 1954च्या निकालापासून कसोट्या तीन: समान श्रद्धा, समान संघटना, वेगळं नाव. पुदुच्चेरीजवळच्या ऑरोव्हिल वसाहतीच्या खटल्यात याच न्यायालयाने श्रीअरविंद सोसायटीला हा दर्जा नाकारला. तेव्हा अशा मसुद्यात ‘डिनॉमिनेशन’च्या जागी ‘सेक्ट’ घालणं म्हणजे कागदाचा अर्थच बदलणं.

‘फॅक्शन’ राजकारणातला, आपला ‘गट’. 2022मध्ये शिवसेना फुटली तेव्हा इंग्रजी बातम्यांत ‘शिंदे फॅक्शन’ आणि ‘ठाकरे फॅक्शन’ होते, कारण दोघे एकाच पक्षावर हक्क सांगत होते. 2023च्या फेब्रुवारीत निवडणूक आयोगाने नाव आणि चिन्ह शिंदे गटाला दिलं. त्यानंतरच्या मजकुरात एकाला ‘शिवसेना’ आणि दुसऱ्याला ‘शिवसेना (यूबीटी)’ लिहायचं, कारण आता ते दोन वेगळे पक्ष आहेत.