नाइट आरएमओ व्हायचंय? आधी नोंदणीची तारीख बघा

इंटर्नशिप संपली की दुसऱ्याच आठवड्यात फोन येतो. "डॉक्टर, नाइटला आरएमओ नाहीये, उद्यापासून येता का?" आरएमओ म्हणजे हॉस्पिटलात ड्युटीवर थांबणारा निवासी डॉक्टर. नीट-पीजीचा अभ्यास करायचा तरी हातात चार पैसे हवेतच. मीही गेले. तालुक्याच्या गावातलं लहान हॉस्पिटल, आठवड्याला चार रात्री. कागदपत्रं कुणी मागितली नाहीत, आणि मला त्याचं बरंच वाटलं.

एमबीबीएस, वर्षभराची इंटर्नशिप, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी हे सगळं तुम्हाला पाठ असेल. मी फक्त एका शब्दावर अडून बसणार आहे: प्रोव्हिजनल. फायनल पास झाल्यावर मिळालेली ती नोंदणी इंटर्नशिपपुरतीच असते, तीही मान्यता असलेल्या संस्थेत. कायम नोंदणी आपोआप होत नाही. कम्प्लिशन सर्टिफिकेट जोडून कौन्सिलकडे वेगळा अर्ज करावा लागतो. इंटर्नशिपचा शेवटचा दिवस आणि कायम नोंदणीची तारीख, यांच्या मधल्या दिवसांत तुम्ही स्वतःच्या जबाबदारीवर पेशंट तपासू शकत नाही. अर्जाची पावती म्हणजे नोंदणी नव्हे. "सरांच्या हाताखालीच तर करतोय" हेही चालत नाही, कारण रात्री सर घरी झोपलेले असतात आणि कागदावर सही तुमची असते.

रात्री दीडला टेम्पोने उडवलेला एक पोरगा आणला. नडगीचं हाड मोडलं होतं. सलाइन लावलं, प्लास्टरचा स्लॅब घातला, धनुर्वाताचं टीटी इंजेक्शन दिलं, एमएलसी रजिस्टर, म्हणजे पोलीस केसच्या पेशंटची नोंदवही, भरलं. हवालदार म्हणाले, "मॅडम, सहीखाली नंबर टाका." मी प्रोव्हिजनल नंबर टाकला. पाठच होता.

वर्ष उलटल्यावर अपघात दाव्यात साक्षीचं समन्स आलं. आदल्या रात्री मी टिबियाचं, म्हणजे नडगीच्या हाडाचं, सगळं वाचून गेले. विमा कंपनीच्या वकिलांनी हाडाबद्दल चकार शब्द काढला नाही. "त्या तारखेला तुमची कायम नोंदणी होती?" एवढंच विचारलं. ती झाली होती १९ दिवसांनंतर. फ्रॅक्चर खरं, एक्स-रे खरा. लंगडी पडली ती माझी सही. पोराच्या बापाला दुसऱ्या डॉक्टरांना साक्षीला आणावं लागलं, तारखा वाढत गेल्या. कोर्टाच्या व्हरांड्यात त्यांनी मला नमस्कार केला, तो अजून बोचतो. माझ्यावर कारवाई झाली नाही, हे नशीब. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कायद्यात नोंदणीशिवाय प्रॅक्टिसला एक वर्षापर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे.

"आम्हीपण असंच केलं, काही होत नाही" म्हणणाऱ्या सीनियरांपासून लांब राहा. समन्स त्यांच्या नावाने येत नाही.

बाकी घाबरण्यासारखं खरंच फार नाही. इंटर्नशिपमध्ये कॅज्युअल्टीचं पोस्टिंग जेमतेम दोन आठवड्यांचं, त्यामुळे पहिल्या महिन्यात सगळेच कच्चे असतात. माझे हात ईसीजीची लीड लावतानाही थरथरायचे. रात्रीच्या जुन्या सिस्टर हाच खरा गुरू, त्यांनी "मॅडम, सरांना फोन लावू का?" असं विचारलं की लावू द्या. बीएलएस आणि एसीएलएस हे बंद पडलेलं हृदय सावरायचं शिकवणारे कोर्स करून ठेवा, बरीच हॉस्पिटलं मागतात, आणि कार्ड दोन वर्षांचंच असतं. पण पैसे भरून घरपोच कार्ड देणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. सरावाच्या पुतळ्याची, मॅनिकिनची, छाती दाबताना घाम फुटला नसेल तर पेशंटच्या छातीवर हात ठेवू नका.

पुढे इमर्जन्सीतच राहायचं असेल तर एमडी किंवा डीएनबी ही पदव्युत्तर पदवी, तीन वर्षं. हॉस्पिटलांच्या स्वतःच्या फेलोशिपमध्ये हात चांगला बसतो, हे मी मान्य करते. फक्त फी भरण्याआधी विचारा: हे कौन्सिलमध्ये जादा पात्रता म्हणून नोंदवता येईल का? उत्तराला फाटे फुटायला लागले की समजा, ते शिक्षण आहे, पदवी नाही.

कायम नोंदणीलाही मुदत असते: पाच वर्षांनी नूतनीकरण, त्यासाठी ३० क्रेडिट पॉइंट. हे पॉइंट सीएमईतून, म्हणजे डॉक्टरांच्या चालू शिक्षणाच्या कार्यक्रमांतून, मिळतात; त्यांची सर्टिफिकेटं फेकू नका.

आणि नोकरीच्या पहिल्या दिवशी हॉस्पिटलने नोंदणीचा कागद मागितला नाही, तर सरळ दुसरं हॉस्पिटल बघा. नाइटला आरएमओ कुणाकडेच पुरत नाहीत.