ॲल्युमिनियममधला कार्बन कमी करायचा, तर आधी वीज बघा

एक टन ॲल्युमिनियम तयार करायला स्मेल्टरमध्ये (ऑक्साइडमधून विजेने धातू वेगळा करणारा कारखाना) साधारण १४ हजार युनिट वीज लागते. कोरबा, अंगुल, झारसुगुडा इथले मोठे स्मेल्टर मुख्यतः स्वतःच्या कोळसा केंद्रांवर चालतात आणि तिथे युनिटमागे जवळपास एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे टनामागे विजेचेच १३-१४ टन, तर ॲनोड (वीज आत नेणारा कार्बनचा ठोकळा) जळून निघतो तो दीड टनाच्या आसपास. हे दोन हिशेब वेगळे ठेवा. युरोपचा कार्बन सीमाकर (आयात मालाच्या उत्सर्जनावरचा आकार) सध्या ॲल्युमिनियमवर थेट, म्हणजे कारखान्यातूनच निघणारे उत्सर्जन धरतो, विजेचे नाही, त्यामुळे नुसत्या निर्यातीकडे बघून योजना आखली तर मोठा वाटा तसाच राहतो.

वर्षाला १ लाख टनांच्या स्मेल्टरला अखंड १६० मेगावॉट लागतात. कोळशाचे संच ५५ टक्क्यांपर्यंत खाली आणले, तर दुपारी साठवणीशिवाय ७० मेगावॉट सौर वीज सामावते. ऐकायला बरे वाटते, पण वर्षाच्या विजेत तिचा वाटा जेमतेम ११ टक्के. त्यापुढे पवन वीज आणि पंप साठवण (पाणी वर चढवून वीज साठवणे) यांचे करार एकत्रच करावे लागतात. पुरवठा चार-पाच तास तुटला की पॉटमध्ये (धातू बनतो ती टाकी) ९६० अंशांचा बाथ, म्हणजे वितळलेल्या क्षारांचा रस, गोठू लागतो आणि पॉटची लाइन परत उभी करायला महिने जातात. म्हणून पर्यायी पुरवठा सिद्ध होईपर्यंत कोळशाचा संच मोडीत काढू नका.

पॉटची वीज काढायचे सूत्र सोपे आहे: २.९८ गुणिले व्होल्टेज, भागिले करंट एफिशियन्सी (प्रवाहाचा प्रत्यक्ष धातू बनवण्यात लागलेला वाटा). ४.२ व्होल्ट आणि ९४ टक्क्यांना किलोमागे १३.३ युनिट. ०.१ व्होल्ट वाचला तर टनाला सव्वातीनशेच्या आसपास युनिट वाचतात. त्यासाठी ॲनोड थेट खाली घेण्याचा मोह होतो. धातू आणि ॲनोडमधले अंतर फार घटले की एफिशियन्सी पडते आणि कमावलेले जाते. आधी ॲनोड रॉड व बसबार (वीज वाहणाऱ्या जाड पट्ट्या) यांच्या जोडांवरचा मिलिव्होल्ट ड्रॉप मोजा, खराब जोड घासून क्लॅम्प नीट आवळा.

ॲनोड इफेक्टकडे रोज लक्ष हवे. बाथमध्ये ॲल्युमिना (ॲल्युमिनियमचा ऑक्साइड, म्हणजे कच्चा माल) दोन टक्क्यांखाली गेला की व्होल्टेज चारावरून तिसाच्या वर उडते आणि कार्बन टेट्राफ्लोराइड सुटतो. तापमानवाढीच्या हिशेबात त्याचा एक किलो म्हणजे साडेसहा हजार किलोंहून जास्त कार्बन डायऑक्साइड. बऱ्याचदा दोष सॉफ्टवेअरचा नसतो. क्रस्ट ब्रेकरच्या (बाथवरचा कडक थर फोडणारे यंत्र) छिन्नीला बाथचा गोळा चिकटतो, भोक बुजते, फीडर टाकतो तो ॲल्युमिना वरच साचतो.

इनर्ट, म्हणजे न जळणाऱ्या ॲनोडची चर्चा खूप होते. पण त्याला सिद्धांताने एक व्होल्ट जादा लागतो. कोळशाच्या विजेवर वाचलेल्या दीड टनाच्या बदल्यात तीन टन वाढू शकतात.

भंगार वितळवायला नव्या धातूच्या सुमारे पाच टक्केच ऊर्जा लागते. मात्र खिडक्यांचे सेक्शन आणि इंजिनचे कास्टिंग वेगळेच ठेवा. मिसळलेले लोखंड नंतर निघत नाही, आणि ओला माल भट्टीत गेला तर स्फोट होतो.