कोरियन आणि चिनी मालिका बघायच्या कशा

सुरुवात कोरियन मालिकेने करा. बऱ्याचशा १६ भागांच्या, भाग साधारण तासाभराचा. रोज एक बघितला तरी अडीच आठवड्यांत संपते. चिनी मालिकेला सबुरी लागते. फेब्रुवारी २०२० मध्ये तिथल्या नियामकाने ४० भागांत आटपा अशी सूचना काढली, पण त्याआधीच्या ५०-६० भागांच्याही भेटतील. ऐतिहासिक असेल तर एकाच माणसाला नाव, पदवी आणि टोपणनाव अशा तीन हाका! पहिले चार भाग सलग बघा आणि कोण कोणाचं ते कागदावर मांडा.

हिंदी डबिंग नकोच. मूळ आवाज आणि सबटायटल्स. कोरियनमध्ये 'ओप्पा' ही बाईने थोरल्या भावाला किंवा जवळच्या, वयाने मोठ्या पुरुषाला मारलेली हाक. सबटायटलमध्ये तिथे अनेकदा नुसतं नाव येतं, आणि 'अहो'चं 'अरे' होतं तो क्षण, म्हणजे अर्धी प्रेमकथा, निसटून जातो. कान तिकडे हवा.

चिनीत ओठ आणि आवाज जुळले नाहीत तर तो बिघाड नव्हे. मूळ संवादही पुष्कळदा नंतर, वेगळ्या आवाजात भरलेले असतात. चित्रातच छापलेल्या चिनी अक्षरांवर सबटायटल चढत असेल, तर सेटिंगमध्ये त्याची पार्श्वभूमी काळी करा.