प्रोग्रामिंगचा गृहपाठ अडला, तर मदत अशी मागा

नवशिक्यांचे प्रोग्राम तपासण्यात आणि त्यांच्या अडलेल्या गाड्या पुढे ढकलण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. मदतीला येणाऱ्या बहुतेकांचं पहिलं वाक्य एकच असतं: "प्रोग्राम चालत नाहीये." त्यांना आधी मिळालेले सल्लेही ठरलेले असतात. एक जण सांगतो, "स्वतःच डोकं चालव, तरच शिकशील." दुसरा म्हणतो, "हा घे माझा कोड, नावं बदल आणि देऊन टाक." मला या दोन्ही सल्ल्यांचा मनापासून राग येतो. पहिला ऐकून मुलं रात्रभर एकाच ओळीपाशी बसतात आणि हा विषय आपल्याला जमणारच नाही, असं ठरवून मोकळी होतात. दुसरा ऐकून आजची वेळ निभावते, पण पुढच्या आठवड्याचा गृहपाठ याच गृहपाठावर उभा असतो, तिथे पुन्हा अडतं. मदत मागणं हे एक कौशल्य आहे. ते शिकावं लागतं आणि बहुतेक ठिकाणी कुणी शिकवत नाही.

आधी किती झगडायचं

अर्धा तास. त्या अर्ध्या तासात काहीतरी नवीन कळत असेल तर आणखी अर्धा तास. तेच तेच बदलून पुन्हा रन करताय असं लक्षात आलं की थांबा आणि पुढच्या तयारीला लागा.

एरर आला असेल तर तो वाचा

लाल अक्षरं दिसली की ती खिडकी बंद करणारी मुलं मी रोज बघतो. ती बंद करू नका. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत एररची लांबलचक माळ आली तर सर्वात शेवटची ओळ आधी वाचायची. चूक कोणत्या प्रकारची आणि का, हे तिथे असतं, ओळीचा क्रमांक त्याच्या वर. 'नेम एरर' म्हणजे बहुधा स्पेलिंग चुकलंय किंवा ते व्हेरिएबल, म्हणजे किंमत साठवणारं नाव, अजून तयारच झालेलं नाही. 'इंडेक्स एरर' म्हणजे यादीत नसलेल्या जागेवर हात घातलाय. पाच घटकांच्या यादीत मोजणी ० पासून सुरू होते, म्हणून शेवटचा क्रमांक ४.

सी आणि सी प्लस प्लस या भाषांमध्ये उलटं करायचं. कंपायलरने, म्हणजे कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामने, वीस एरर दाखवले तरी फक्त पहिला वाचा, तो दुरुस्त करा आणि पुन्हा कंपाइल करा. एक सेमीकोलन राहिला की खालचे कितीतरी एरर नुसते त्याच्यामुळे येतात. दाखवलेल्या ओळीत काहीच चुकीचं दिसत नसेल तर तिच्या वरची ओळ बघा. पायथन जुनं असेल तर नवीन टाकून घ्या. २०२१ मध्ये आलेल्या ३.१० या आवृत्तीपासून न मिटलेला कंस कोणता, हे ते नेमकं सांगतं.

एरर मेसेज जसाच्या तसा कॉपी करून ठेवा. स्वतःच्या शब्दांत सांगू नका.

एरर येत नाही, पण उत्तर चुकतं

खरं पाणी इथे मुरतं. मी शिकत असताना सगळ्यात जास्त अडलो तो इथेच, आणि आजही मुलं इथेच अडतात.

तेव्हा मी सी शिकत होतो. शंभराच्या वर ओळींचा प्रोग्राम होता आणि उत्तर चुकत होतं. मी तो सगळाच्या सगळा एका सीनिअरकडे नेला. त्याने एकच प्रश्न विचारला: "कुठपर्यंत बरोबर चालतोय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी त्याला म्हटलं, "म्हणूनच तर तुझ्याकडे आलोय." तो म्हणाला, ते शोधून ये, मग बसू. तेव्हा वाईट वाटलं होतं. आता तोच प्रश्न मी रोज विचारतो, फक्त एवढ्यावर सोडून देत नाही. ते कसं शोधायचं तेही दाखवतो.

एक उदाहरण घेऊ. पाच विषयांचे गुण घ्यायचे आणि सरासरी काढायची. विद्यार्थिनीने नाव विचारणं, मेनू, श्रेणी, टक्केवारी असं सगळं मिळून ६४ ओळींचा प्रोग्राम लिहिला. ४०, ५०, ६०, ७०, ८० असे गुण दिले. सरासरी ६० यायला हवी, आली १६.

पहिलं काम, फाइलची एक प्रत करून बाजूला ठेवा. हे काम मी एकदा टाळलं होतं. सबमिशनच्या आदल्या रात्री 'पेक्षा लहान'च्या जागी 'पेक्षा लहान किंवा समान', कुठे एक मिळव, कुठे एक वजा कर, असं करत गेलो. पहाटे मूळ चूक कुठे होती तेच कळेना, कारण तिच्यावर माझ्या तीन नव्या चुका बसल्या होत्या आणि मूळ प्रत शिल्लक नव्हती. म्हणून कळकळीने सांगतो, प्रत ठेवा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला.

दुसरं काम, प्रोग्राम छोटा करत न्या. नाव विचारणं काढा, रन करा. सरासरी अजून १६ येतेय? छान, म्हणजे नावाचा संबंध नव्हता. मेनू काढा, रन करा. श्रेणी काढा, रन करा. कापायला सोपं नसेल तर प्रोग्रामच्या साधारण मध्यावर एक प्रिंट (किंमत स्क्रीनवर दाखवणारी ओळ) टाका आणि तिथपर्यंतच्या किमती बरोबर आहेत का ते बघा. बरोबर असतील तर चूक खालच्या अर्ध्यात, नसतील तर वरच्या. अशा रीतीने ६४ ओळी सहा वेळा निम्म्या केल्या की एक ओळ उरते. प्रत्यक्षात इतकं नीटस होत नाही, पण सहा-सात ओळींपर्यंत नक्की पोचता येतं.

इथे एक गोष्ट मुलांना घाबरवते. काहीतरी काढल्यावर चूकच गायब होते. मग ती म्हणतात, "आता तर बरोबर चालतंय, सर, मग मी दाखवू काय?" हीच तर सर्वात मोठी खूण आहे! चूक बहुधा जे शेवटचं काढलं त्यातच आहे. समजा इनपुट (वापरणाऱ्याकडून आकडे घेणं) काढून थेट ५ आणि ३ लिहिल्यावर बेरीज ८ आली आणि इनपुटने घेतल्यावर ५३ येत होती. तर गुन्हेगार सापडला: पायथनमधलं इनपुट तुम्ही टाइप केलेलं सगळं मजकूर म्हणून हातात देतं आणि दोन मजकूर मिळवले की ते एकापुढे एक चिकटतात. आधी त्याचं संख्येत रूपांतर करावं लागतं.

आपल्या उदाहरणात इनपुट काढून थेट ४, ७, २ असे तीनच आकडे ठेवले. बेरीज १३ यायला हवी, आली २. आता सहा ओळी उरल्यात आणि आकडे बोटांवर मोजण्यासारखे आहेत. इथे कागद घ्या आणि ड्राय रन करा, म्हणजे प्रोग्राम ओळीओळीने स्वतः हाताने चालवा: तीन रकाने, फेरी, संख्या आणि बेरीज.

ड्राय रन करा असं सगळे सांगतात, पण तो का फसतो ते कुणी सांगत नाही. त्या मुलीने माझ्यासमोर रकाने भरले: ४, मग ११, मग १३. म्हणाली, "बघा, बरोबर येतंय!" ती कोड वाचतच नव्हती. कोडने काय करायला हवं ते तिच्या डोक्यात होतं आणि हात तेच लिहीत होता. मी कोऱ्या कागदाने स्क्रीनवरच्या बाकीच्या ओळी झाकल्या आणि म्हटलं, आता दिसतेय तेवढीच ओळ मोठ्याने वाच आणि ती सांगते तेवढंच कर. पहिली फेरी: बेरीज शून्य, त्यात ४ मिळवले, ४. दुसरी फेरी: "बेरीज शून्य..." आणि ती थांबली. बेरजेला शून्य करणारी ओळ लूपच्या, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या भागाच्या, आत गेली होती. प्रत्येक फेरीत आधीची बेरीज पुसली जात होती आणि शेवटी शेवटचाच आकडा उरत होता. पाच विषयांत ८० भागिले ५, म्हणून १६. मी तिला काहीच सांगितलं नव्हतं.

कागदाने झाकण्याची ही पद्धत बालिश वाटेल, पण मी अजूनही स्वतःच्या कोडसाठी वापरतो. ती जमली नाही तर लूपमध्ये प्रिंट टाकून यंत्राने काढलेल्या किमती तुमच्या रकान्यांशेजारी मांडा. जिथे पहिल्यांदा फरक पडतो तिथे बोट ठेवा. फिलिप गुओ यांनी २०१० मध्ये सुरू केलेलं 'पायथन ट्यूटर' हे मोफत साधन एकेक ओळ पुढे नेत प्रत्येक व्हेरिएबलची किंमत चित्रात दाखवतं, सी आणि जावासाठीसुद्धा. पण आधी कागद, मग ते. उलट केलंत तर चित्र बघून मान डोलावाल आणि परीक्षेत पुन्हा ४, ११, १३ लिहाल.

एवढं केल्यावर अर्ध्याअधिक वेळा विचारण्याची गरजच उरत नाही, हा माझा अनुभव आहे. उरलीच, तर आता तुमच्याकडे विचारण्याजोगं काहीतरी आहे.

प्रश्न लिहिताना

चार गोष्टी: काय करायचंय, काय दिलं, काय यायला हवं होतं आणि काय आलं. पाचवी, तुम्ही काय करून पाहिलं. असा लिहा:

"तीन संख्यांची बेरीज करायची आहे, पायथन. ४, ७, २ दिल्यावर १३ हवी, २ येते. लूपमध्ये प्रिंट टाकून पाहिलं, पहिल्या फेरीनंतर ४ बरोबर आहे, दुसऱ्या फेरीनंतर ११ ऐवजी ७ येतात. आधीचे ४ कुठे जातात ते कळत नाहीये. सहा ओळींची फाइल सोबत जोडली आहे."

असा प्रश्न आला की मी हातातलं काम सोडून उत्तर देतो. "लूप कळत नाही, समजावून सांगा" याला काय उत्तर द्यायचं ते मला अजूनही कळलेलं नाही.

स्क्रीनचा मोबाइलवर काढलेला फोटो पाठवू नका. समोरच्याला तो रन करता येत नाही. फाइलच पाठवा, कारण पायथनमध्ये ओळीपुढच्या मोकळ्या जागेलाही अर्थ आहे आणि चॅटमध्ये चिकटवताना ती विस्कटू शकते.

कुणाला विचारायचं

ज्यांनी गृहपाठ दिला त्यांना, सर्वात आधी. मुलं त्यांनाच सर्वात शेवटी विचारतात, सबमिशनच्या आदल्या रात्री. नंतर वर्गातला असा मित्र, जो कीबोर्ड ओढून घेत नाही. मदत करणाऱ्याचे हात तुमच्या कीबोर्डवर गेले की शिकणं थांबलं, असं समजा.

एआय चॅटबॉटला विचारायला माझी हरकत नाही, तुमच्या शिक्षकांची नसेल तर. मात्र नुसता प्रश्न चिकटवलात तर तो अख्खा कोड देतो, तोही बहुतेकदा तुम्हाला अजून न शिकवलेल्या गोष्टी वापरून. म्हणून सुरुवातीलाच लिहा: "कोड देऊ नकोस. मी कुठे बघू एवढंच सांग आणि एका वेळी एकच प्रश्न विचार." तो ठामपणे चुकीचंही सांगतो, त्यामुळे त्याचं म्हणणं रन करून पाहिल्याशिवाय खरं धरू नका.

दुसऱ्याचा कोड घेऊन नावं बदलणाऱ्यांसाठी एकच माहिती: 'मॉस' नावाची कोडमधलं साम्य शोधणारी प्रणाली १९९४ पासून आहे आणि व्हेरिएबलची नावं किंवा मोकळ्या जागा बदलून तिला फसवता येत नाही.

उत्तर मिळाल्यावर

दुरुस्त केलेली फाइल बंद करा आणि कोऱ्या फाइलमध्ये तो भाग न बघता पुन्हा लिहा. अडलात तर बघा, बंद करा, पुन्हा लिहा. दहा मिनिटांचं काम आहे.

आणि ज्याने मदत केली त्याला चूक शेवटी कोणत्या ओळीत निघाली ते कळवा. पुढे काय झालं हे मदत करणाऱ्याला बहुतेकदा समजतच नाही. त्या मुलीने आठवडाभराने मला एका ओळीचा मेसेज पाठवला होता: "सर, आज मैत्रिणीच्या लूपमध्ये तीच चूक होती, मी तिला कागदाने झाकून वाचायला सांगितलं."