नव्या घरासाठी हीट पंपाची क्षमता ठरवताना या चुका टाळा

ग्वाल्हेरमध्ये नवे घर बांधणाऱ्याला एकाच यंत्राकडून दोन उलट कामे करून घ्यायची असतात. मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांच्या पुढे सरकतो तेव्हा खोलीतली उष्णता बाहेर टाकायची, आणि जानेवारीत चार-पाच अंशांवर धुके दाटते तेव्हा बाहेरच्या त्याच गार हवेतली उष्णता ओढून आत आणायची. दुकानात ‘हॉट अँड कोल्ड एसी’ या नावाने मिळणारे यंत्र म्हणजे हीट पंपच. त्याची क्षमता घर पाहून ठरवायला हवी. प्रत्यक्षात मात्र ती बहुधा दुकानाच्या काउंटरवर, खोलीची लांबी-रुंदी तेवढी विचारून ठरते.

चौरस फुटांवरून टन ठरवणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. एक टन म्हणजे तासाला सुमारे १२,००० बीटीयू, अर्थात साधारण साडेतीन किलोवॉट उष्णता हलवण्याची क्षमता. आता वरच्या मजल्यावरची १२ बाय १५ फुटांची, पश्चिमेला खिडकी असलेली खोली डोळ्यांसमोर आणा. पाच इंची उघड्या स्लॅबच्या प्रत्येक चौरस मीटरमधून, आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना, अंदाजे साडेतीन वॉट उष्णता आत येते. उन्हात तापलेल्या गच्चीचे तापमान हिशेबासाठी ६० अंश धरले आणि खोली २६ अंशांवर ठेवायची म्हटली, तर या १७ चौरस मीटरच्या छतातूनच दोन हजार वॉट उतरतात. पश्चिमेची नऊ इंची विटांची भिंत सुमारे ७०० वॉट आणते, चार बाय पाच फुटांच्या उघड्या काचेतून दुपारनंतर ९०० वॉटच्या आसपास येतात, आणि दोन माणसे, टीव्ही, दाराच्या फटी व उरलेल्या भिंती मिळून आणखी ६०० धरावेत. बेरीज ४,२०० वॉट, म्हणजे १.२ टन.

हीच खोली तळमजल्यावर असती आणि खिडकीवर सावली असती, तर छताचा आकडा जवळजवळ पूर्ण गळून पडला असता आणि बेरीज अर्ध्या टनाच्याही खाली आली असती. चौरस फूट दोन्हीकडे तेच. मग दोन्ही खोल्यांना दीड टन कशासाठी?

म्हणून यंत्राआधी गच्चीकडे पाहावे, असे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो. त्याच स्लॅबवर दोन इंच जाडीचे एक्सपीएसचे, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या कडक फोमच्या फळ्यांचे थर बसवून वर कोबा केला, तर छतातून येणारी उष्णता दोन हजारांवरून तीनशे वॉटच्या आसपास उतरते. खिडकीचे ऊन मात्र काचेच्या बाहेरच अडवले पाहिजे. पश्चिमेचे ऊन तिरके, मावळतीकडे झुकलेल्या सूर्याकडून येत असल्यामुळे आडवा छज्जा तिथे फारसा उपयोगी पडत नाही. बाहेरून बांबूचा पडदा किंवा उभ्या पट्ट्यांची जाळी लावावी. ही दोन कामे केली की वरच्या खोलीला एक टन भरपूर होतो. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या वाड्यांत जाड दगडी भिंती आणि उंच छते हे काम मुकाट्याने करीत असत. नऊ इंची भिंतींच्या घरात ते आपल्याला मुद्दाम करून घ्यावे लागते.

दुसरी चूक याच्या उलट टोकाची आहे. ‘कमी पडायला नको, मोठेच घेऊ’ असे म्हणून माझ्या मावसभावाने थाटीपूरच्या घरात एका साध्या शयनगृहाला दोन टनांचे यंत्र बसवले. मे महिना छान गेला. जुलैत पाऊस सुरू झाल्यावर मात्र खोली दहा मिनिटांत गार होऊन यंत्र मंदावत असे, थांबत असे आणि पुन्हा सुरू होत असे. चादरी हाताला दमट लागत आणि कपाटातल्या पुस्तकांना वास येऊ लागला. हवेतला ओलावा काढायला गार कॉइलवरून हवा बराच वेळ फिरावी लागते, आणि मोठे यंत्र तेवढा वेळ चालतच नाही. यंत्र इन्व्हर्टर प्रकारचे, म्हणजे गरजेप्रमाणे कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणारे असले तरी कॉम्प्रेसर एका मर्यादेखाली मंदावू शकत नाही. खरेदीपूर्वी तांत्रिक पत्रकातली किमान क्षमता जरूर पाहावी.

तिसरी बाब लेबलावरच्या आकड्याची. ही क्षमता बाहेर ३५ अंश असताना मोजलेली असते. ४५ अंशांत तेच यंत्र त्याहून कमी काम करते. म्हणूनच वरच्या उघड्या खोलीच्या १.२ टनांच्या गरजेला दीड टन घ्यावा लागतो. ‘दीड टन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या दोन यंत्रांची वॉटमधली क्षमताही वेगळी असू शकते, तेव्हा तुलना वॉटमध्येच करावी.

हिवाळ्यासाठी वेगळे मोठे यंत्र लागेल, ही भीती ग्वाल्हेरमध्ये अनाठायी आहे. बाहेर ५ आणि आत २१ अंश धरले तर त्याच खोलीची गरज दोन किलोवॉटच्या आसपास, म्हणजे उन्हाळ्याच्या निम्मी भरते. क्षमता उन्हाळ्यावरूनच ठरवावी. अडचण दुसरीच असते: वर भिंतीवर बसवलेल्या यंत्राची गरम हवा छतालाच चिकटून राहते, आणि दिवाणखान्यातून उघडा जिना वर जात असेल तर ती सरळ गच्चीच्या दाराशी पोहोचते. झडपा खाली वळवाव्यात आणि जिन्याला दार असावे. नकाशातच त्याची सोय केलेली बरी.

यंत्र आधीच बसवले असेल आणि खोली गार होत नसेल, तर लगेच मोठ्या यंत्राचा विचार करू नये. साधा थर्मामीटर घेऊन यंत्रात वरून शिरणाऱ्या आणि खालून बाहेर पडणाऱ्या हवेचे तापमान मोजावे. फरक ८ ते १२ अंशांचा असेल तर यंत्र आपले काम करीत आहे आणि दोष छताचा किंवा खिडकीचा आहे. फरक त्याहून बराच कमी असेल तर आधी यंत्रातली हवा गाळणारी जाळी धुवावी, मग गॅस तपासून घ्यावा आणि बाहेरचे युनिट पाहावे. लू म्हणजे उन्हाळ्यातल्या तप्त वाऱ्याबरोबर येणारी धूळ त्याच्या कॉइलमध्ये थराने बसते. एप्रिलअखेर ते धुऊन घ्यावे. उन्हापासून वाचवण्यासाठी पत्र्याचा खोका करून त्यात युनिट कोंडणारेही आहेत. तिथे ते स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढते. सावली वरून द्यावी, बाजू मोकळ्या ठेवाव्यात.

जानेवारीच्या धुक्याच्या रात्री खोली तापत असताना यंत्र काही मिनिटे थांबले आणि बाहेरच्या युनिटमधून वाफ निघाली किंवा पाणी टपकले, तर घाबरून कारागिराला बोलावू नये. कॉइलवर साचलेले हिम यंत्र स्वतः वितळवीत असते. ते पाणी शेजाऱ्यांच्या भिंतीवर जाऊ नये म्हणून त्याची नळी मात्र गिलाव्याआधीच काढून ठेवावी.