खालच्या चामखिळीवर मलम कसं लावायचं

शटर अर्धं खाली आलं की एखादा बाईकवरून येतो आणि हेल्मेट न काढताच विचारतो, "भाऊ, चामखिळीचा मलम आसा काय?" जागा सांगत नाही, पण हेल्मेट काढत नाही म्हटल्यावर मला समजतं. किनाऱ्यावरच्या गावात मेडिकल चालवतो, गुप्तांगावरच्या चामखिळीबद्दल काउंटरवर कुजबुजत सांगतो तेच इथे लिहितोय.

हातापायाच्या चामखिळीचं सॅलिसिलिक अ‍ॅसिडवालं औषध तिकडे लावायचं नाही, बिब्बा नाही, चुना नाही, आणि काजूचा चीक तर अजिबात नाही. ओले काजू सोलून ज्याच्या बोटांची सालं निघालीत त्याला खरं तर सांगायला नको, तरी एक जण चीक लावून आलाच, मूळ चामखीळ तिथेच आणि आजूबाजूची कातडी जळून काळी, चालताना दोन पाय फाकवून.

आधी स्किनच्या डॉक्टरला दाखवा, कारण लिंगाच्या टोकाच्या कडेने ओळीत बारीक दाणे असतात ते बऱ्याच जणांना नॉर्मलच असतात, आणि सिफिलिस ह्या लैंगिक आजाराचे ओलसर चपटे उंचवटे चामखिळीसारखेच दिसतात, त्याला मलम नाही, पेनिसिलिनचं इंजेक्शन लागतं. गावातल्या डॉक्टरकडे जायची लाज वाटत असेल तर जिल्हा रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकला, म्हणजे लैंगिक आजारांच्या सरकारी दवाखान्यात जा, तपासणी फुकट असते आणि नाव गुप्त ठेवतात.

डॉक्टरने इमिक्विमॉड ५ टक्के हे मलम लिहून दिलं तर ते रात्री झोपताना लावायचं, आठवड्यातून तीनदाच, समजा सोम-बुध-शुक्र. आपल्याकडे दमटपणा एवढा की पावसात चड्डी दोन दिवस वाळत नाही, म्हणून धुतल्यावर जागा पुसून पाच मिनिटं पंख्याखाली थांबायचं आणि मगच बोटावर थोडं घेऊन फक्त चामखिळीवर जिरेपर्यंत चोळायचं, पांढरा थर राहता कामा नये. हात धुवायचे. ६ ते १० तासांनी साबण-पाण्याने काढून टाकायचं, म्हणजे सकाळची आंघोळ. पाकिटात उरलं तर टाकून द्या. जास्तीत जास्त १६ आठवडे, आणि कालनिर्णयवर नुसता ठिपका द्या, काही लिहू नका, आई विचारेल.

आता लाल होणार, चुरचुरणार, त्याला घाबरायचं नाही, हे मलम चामखीळ जाळत नाही, तुमच्याच प्रतिकारशक्तीला तिथे कामाला लावतं. पण कातडी सोलवटली, पाणी सुटलं तर थांबा आणि डॉक्टरला विचारा. एक दिवस चुकला म्हणून दुसऱ्या दिवशी डबल लावू नका, लवकर जायचं म्हणून रोज लावणारे हमखास जखम करून घेतात. मलम अंगावर असताना संबंध नको, त्याने कंडोमही कमकुवत होतो. बायकांनी योनीच्या आत लावायचं नाही.

दुसरं औषध पोडोफायलोटॉक्सिन ०.५ टक्के, ह्याचं गणित वेगळं, ३ दिवस सकाळ-संध्याकाळ आणि मग ४ दिवस सुट्टी, असे फार तर ४ फेरे. हे थेट चामखीळ मारतं म्हणून आजूबाजूला आधी व्हॅसलीन लावून घ्यायचं आणि सुकल्याशिवाय कपडा घालायचा नाही. गरोदर बाईला हे चालतच नाही, तेव्हा दिवस गेले असतील किंवा नुसती शंका असेल तरी आधी सांगायचं, इमिक्विमॉडही तेव्हा टाळतात.

गेलेली चामखीळ परत येऊ शकते, विशेषतः पहिल्या ३ महिन्यांत. बहुतेक वेळा एचपीव्ही ह्या विषाणूचे ६ आणि ११ नंबरचे प्रकार ह्या चामखिळीला कारण असतात, आणि मलमाने गाठ जाते, विषाणू लगेच जाईल असं नाही. जोडीदारालाही तपासून घ्या. एचपीव्हीची लस आता घेतली तरी असलेली चामखीळ त्याने जात नाही, ती पुढच्यासाठी.

आणि हो, लाजेपोटी मलम बाईकच्या डिकीत लपवू नका, मे महिन्यात आत भट्टी असते.