लेहहून ठाण्यात आलेल्या मुलांची वाढ घरी कशी तपासावी

लेह किंवा तवांगहून बदली झाली, कुटुंब खारघरला किंवा घोडबंदर रोडला राहायला आलं, की शाळेच्या पहिल्याच आठवड्यात पालकांच्या लक्षात येतं: आपलं मूल वर्गात बुटकं दिसतंय. दोष लगेच डोंगराला दिला जातो. तो काही अंशीच खरा आहे.

लेह सुमारे 3500 मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब ठाण्याच्या साधारण दोन-तृतीयांश, त्यामुळे श्वासागणिक ऑक्सिजनही तेवढाच. पेरूतल्या नून्योआ भागात, 4000 मीटरच्या वर, 1960च्या दशकात झालेल्या अभ्यासांत केचुआ मुलांची वयात येतानाची झेप उशिरा आणि मंद दिसली. त्यांची उंची विशीनंतरही थोडी वाढत राहिली, छाती मात्र लवकर रुंदावली. पुढच्या अभ्यासांनी दाखवलं, की यात गरिबी आणि अपुऱ्या आहाराचा वाटा मोठा होता. म्हणून आज मूल किती उंच आहे यापेक्षा वर्षाला किती सेंटिमीटर वाढतंय, हे पाहायचं. (माथेरान 800 मीटर, महाबळेश्वर साधारण 1350. तिथल्या वसतिगृहाचा एवढा विचार करू नये. तिसाव्या मजल्यावरचा फ्लॅट तर जेमतेम 100 मीटरवर असतो.)

मोजणीत सगळ्यात जास्त घोळ होतो तो स्कर्टिंगमुळे. भिंतीच्या तळाची टाइल एक-दीड सेंटिमीटर पुढे आलेली असते, टाच तिला अडते आणि पाठ भिंतीपासून सुटते. स्कर्टिंग नसलेली भिंत किंवा दाराची सपाट चौकट निवडा. स्टीलची टेप जमिनीपासून सरळ वर चिकटवा. शिवणकामाची टेप ताणली जाते. मूल अनवाणी, वेणी-अंबाडा सोडलेला. टाचा, कुल्ले, खांदे मागे टेकलेले. नजर समोर, अशी की डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाचं छिद्र एका आडव्या रेषेत येईल. हनुवटी वर उचलली की आकडा चुकतो. डोक्यावर सुताराचा गुण्या भिंतीला काटकोनात टेकवा. पुस्तक हमखास तिरकं होतं. तीनदा मोजा आणि सरासरी तारखेसह लिहा. वेळ सकाळचीच ठेवा, कारण दिवसभरात मणक्यांमधल्या चकत्या दबून उंची एखादा सेंटिमीटर कमी भरते.

दर महिन्याला मोजून वेग काढू नका. अर्ध्या सेंटिमीटरची चूक बाराने गुणली की वर्षाचे 6 सेंटिमीटर होतात! सहा महिन्यांचं अंतर हवं. 6 एप्रिलला 142.3 आणि 6 ऑक्टोबरला 145.1 असेल, तर 183 दिवसांत 2.8, म्हणजे वर्षाला साधारण 5.6 सेंटिमीटर.

वयात येण्याआधी वर्षाला 5 ते 6 सेंटिमीटर ठीक. झेपेच्या शिखरावर मुली 8च्या आसपास, मुलगे 9-10 सेंटिमीटर वाढतात, आणि मुलग्यांचं शिखर साधारण दोन वर्षं उशिरा येतं. इथे एक गैरसमज महागात पडतो. पाळी आली की मुलगी आता उंच होईल, असं घरोघरी म्हणतात. प्रत्यक्षात मुलीची झेप स्तनांची वाढ सुरू होताच लागते. पाळी येईपर्यंत ती ओसरत आलेली असते आणि पुढे साधारण 5 ते 7 सेंटिमीटरच उरतात. काळजी असेल तर पाळीची वाट पाहण्यात वेळ जाऊ देऊ नका.

लेहहून बाराव्या वर्षी आलेला मुलगा इथे भराभर वाढू लागला, तर श्रेय लगेच समुद्राकाठच्या हवेला देऊ नका. ते वयच झेपेचं असतं.

आकडे इंडियन ॲकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सच्या 2015च्या तक्त्यावर मांडा. घराण्यावरून मोठेपणीच्या उंचीचा अंदाज असा: आई-वडिलांच्या उंचीची बेरीज, मुलग्यासाठी त्यात 13 मिळवा, मुलीसाठी 13 वजा करा, मग दोनाने भागा. वडील 170, आई 156 असतील तर मुलगा 169.5, मुलगी 156.5, दोन्हीकडे साधारण 8 सेंटिमीटरची मोकळीक धरा.

लेहला काढलेला हिमोग्लोबिनचा रिपोर्ट इथल्या मापाने वाचू नका. उंचावर रक्तातलं हिमोग्लोबिन वाढतं, त्यामुळे तिथे नॉर्मल वाटणाऱ्या आकड्यामागे ॲनिमिया लपू शकतो. इथे येऊन काही महिने झाले की पुन्हा तपासा. उंची वाढवण्याचा दावा करणाऱ्या पावडरींवर पैसे घालवण्यापेक्षा डाळ, अंडी, दूध, मासे ताटात येऊ द्या.

झेप ओसरण्याआधीच वर्षाला 4 सेंटिमीटरपेक्षा कमी वाढ, तक्त्यावरची रेघ ओलांडून खाली घसरण, मुलीला 13 पूर्ण होऊनही स्तनांची वाढ नाही किंवा 15 पूर्ण होऊनही पाळी नाही, मुलग्याला 14 पूर्ण होऊनही अंडकोष वाढलेले नाहीत: यांपैकी काहीही दिसलं तर बालरोगतज्ज्ञांकडे जा. मुलीत 8च्या आत, मुलग्यात 9च्या आत वयात येण्याच्या खुणा दिसल्या तरीही जा. डॉक्टर डाव्या हाताचा आणि मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय पाहतील. जाताना लसीकरणाचं कार्ड, आधीच्या शाळेतल्या उंचीच्या नोंदी, आई-वडिलांची मोजलेली उंची, आईची पहिली पाळी कितव्या वर्षी आली ते, आणि कुठल्या गावी किती वर्षं राहिलात याची यादी सोबत न्या.